थव्याचा पुढारी कोण?



हिवाळ्यातील संध्याकाळी भोरड्यांचा थवा आकाशात वळताना आपण पाहिला असेल. हजारो पाखरे, पण एकमेकांवर आदळत नाहीत. हुकूम देतो कोण? कामगारांच्या समुदायाविषयीही हाच प्रश्न मला तीस वर्षे विचारला जात आहे. संप झाला की पहिला सवाल असतो, 'तुमचा म्होरक्या कोण?' त्याला काढला की समुदाय मोडेल, असा त्यामागचा हिशेब.

एडमंड सेलूस या इंग्रज पक्षिनिरीक्षकाने वर्षानुवर्षे थवे न्याहाळले. पुढारी सापडेना. तेव्हा १९३१ साली त्याने ग्रंथच लिहिला, की पाखरांत विचारसंक्रमण होत असावे. या तर्काला हसू नये. न दिसलेला पुढारी त्याने कल्पिला नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा.

१९८४ साली वेन पॉट्स यांनी समुद्रकाठच्या डनलिन पक्ष्यांची चित्रफीत घेऊन ती सावकाश तपासली. एखादे पाखरू वळते, त्याची लाट थव्यात पसरते, आणि दुरून येणारी लाट पाहून पुढची पाखरे आधीच सज्ज होतात. आरंभ कोणीही करावा. मात्र थवा बहुधा आत वळणाऱ्याच्याच मागे जातो, फुटून बाहेर वळणाऱ्याच्या मागे नाही!

१९८७ साली क्रेग रेनल्ड्स यांनी संगणकावर तीन नियमांनी थवा उडवून दाखविला: शेजाऱ्यावर आदळू नये, त्याच्या दिशेने व वेगाने जावे, घोळक्यापासून तुटू नये. पुढे रोम शहरात भोरड्यांचेच भाऊबंद असलेल्या स्टार्लिंग पक्ष्यांची छायाचित्रे घेऊन शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखविले, की प्रत्येक पाखरू जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवते, मग ते हातभर दूर असोत वा त्याहून अधिक. म्हणून ससाण्याच्या झडपेने थवा विरळ झाला तरी नाते तुटत नाही.

पण येथे थांबलो तर अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. विल्यम बीब यांनी गियानाच्या अरण्यात पाहिलेली, १९२१ साली लिहून ठेवलेली हकीकत आहे. लष्करी मुंग्यांची रांग वाट चुकून स्वतःच्याच शेपटाला मिळाली. प्रत्येक मुंगी पुढचीच्या मागे इमानाने चालत राहिली आणि त्या वर्तुळात कित्येक मेल्या. एकजूट होती, दिशा नव्हती.

तेव्हा 'म्होरक्या कोण' या सवालाला माझे उत्तर असे: समुदायाला बांधतो तो शेजारी, म्होरक्या नव्हे. परंतु आपण कोठे चाललो आहोत, हे मान वर करून पाहण्याचे काम मात्र प्रत्येकाने करावयाचे आहे.