मुखवटा, सोंग आणि संगणकाने रचलेले श्वापद

पुराणकथांतील अद्भुत प्राणी एखाद्या प्रतिभावंताच्या मनात एकदम अवतरतात, असा आपला समज असतो. वस्तुतः त्यांची घडण बहुधा जोडकामाची असते. नरसिंहात नर आणि सिंह एकत्र येतात. गंडभेरुंडात एका पक्ष्याला दोन मस्तके लाभतात. महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या दरवाजांवरील शरभशिल्पे पाहिली की ही रीत अधिक स्पष्ट होते. सिंहासारखे शरीर कायम. पंख, शेपटीची ठेवण, पंजांत धरलेल्या हत्तींची संख्या मात्र ठिकठिकाणी बदलते. ठरलेला सांगाडा आणि बदलते अवयव, असे हे एक व्याकरणच आहे.

संगणकीय खेळांनी या व्याकरणाला गणिती रूप दिले. १९८० च्या 'रोग' या खेळात भुयारांची रचना दर खेपेस नवी होत असे. त्यातील राक्षस मात्र ठरलेले, इंग्रजी वर्णमालेच्या एकेका अक्षराने दाखवलेले २६ होते. २०१६ च्या 'नो मॅन्स स्काय'मध्ये ग्रहांबरोबर त्यांवरील प्राणीही नियमांनुसार जुळवले गेले. संख्या अफाट झाली. परंतु अवयवांच्या नव्या जुळणीने नवा प्राणी मिळतो. पुराणपुरुष मिळतोच असे नाही. मग पुराणत्व येते कोठून?

या प्रश्नाचे उत्तर पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात सापडते. साखरशेत हे गाव याच पट्ट्यातले. येथील आदिवासींचा बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव. संबळाच्या तालावर, रात्रीच्या वेळी, देवांची आणि दैत्यांची सोंगे एकामागून एक नाचत येतात. मुखवटे परिचयाचे, कथा पाठ असलेल्या. तरीही प्रेक्षक जागतो. तो नावीन्यासाठी आलेला नसतो. कोणाचे सोंग कोणामागून येणार आणि कोण कोणाशी झुंजणार, हे त्याला ठाऊक असते आणि त्या ठाऊक असण्यातच रंगत असते. खुंटीवर टांगलेला मुखवटा म्हणजे रंगवलेली वस्तू. त्याला 'सोंग' करतात तो क्रम, ती रात्र आणि तो समाज.

वारल्यांचा वाघदेव तर याहून बोलका. त्याच्यात कोणतेही जोडकाम नाही. तो साधा वाघ. जंगल, गुरे आणि माणूस यांच्यातील भयाच्या व कराराच्या नात्याने त्याला देवत्व दिले.

हे मर्म जाणणारा संगणकीय खेळही आहे. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या बंधूंच्या, २००६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'ड्वार्फ फोर्ट्रेस'मध्ये श्वापदांचे काही देह यदृच्छेने घडतात. पण खेळ सुरू होण्यापूर्वी संगणक त्या जगाचा इतिहासही रचतो. कोणत्या श्वापदाने कोणावर हल्ला केला, ते कोणाच्या हातून मेले, याची नोंद राहते आणि खेळातील कारागीर असे प्रसंग भिंतींवर कोरतात. येथे श्वापदाला केवळ शरीर नाही, स्मृतीही आहे.

आपल्याकडील कल्पक तरुण उद्या खेळ रचताना बोहाड्याकडे वळले, तर त्यांच्यापुढे दोन वाटा असतील. मुखवट्यांतून डोळे, सुळे आणि मुकुट उचलणे ही सोपी वाट. पण तीत उत्सव म्हणजे अवयवांचे कोठार ठरेल आणि ज्यांनी ही सोंगे पिढ्यान्‌पिढ्या जागती ठेवली, ती माणसे पुसली जातील. श्वापद कोणाच्या सीमेवर उभे आहे, त्याची पाळी केव्हा येते आणि त्याला कोण ओळखते, हे आधी ठरवणे ही दुसरी वाट. पुराणे याच वाटेने घडत आली आहेत.