आयसीएल का बुडाली, आणि किंमत कोणी मोजली?

रत्नागिरी जेट्स हे नाव आता आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत आहे. २०२३ साली महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली आणि अझीम काझीच्या नेतृत्वाखाली या संघाने पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळवले. २०२४ साली पुन्हा मिळवले. संघाच्या नावात रत्नागिरी असली तरी हे सामने आमच्या मारुती मंदिराजवळच्या शिवाजी स्टेडियमवर झाले नाहीत, पुण्याजवळ गहुंज्याला झाले. तरीही ही लीग खरी की खोटी असा प्रश्न कोणी विचारत नाही. तिच्यामागे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन आहे आणि असोसिएशनच्या मागे बीसीसीआय. जेट्सकडून खेळणारा मुलगा उद्या रणजी खेळू शकतो, आयपीएलच्या लिलावात नाव देऊ शकतो. मान्यता म्हणतात ती हीच.

ही मान्यता नसली तर काय होते, हे समजून घ्यायचे तर २००७ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी आपल्या देशात एक लीग उभी राहिली. तिच्यात ब्रायन लारा होता, इंझमाम-उल-हक होता, कपिल देव तिचे प्रमुख होते. दोन वर्षांत ती संपली. आज वीस वर्षांच्या मुलाला इंडियन क्रिकेट लीग म्हटले तर तो म्हणेल, चाचा, आयपीएल म्हणायचेय का तुम्हाला?

गोष्टीची सुरुवात टीव्हीच्या हक्कांपासून होते. २००४ साली भारतातील सामन्यांच्या प्रक्षेपणासाठी सुभाषचंद्र यांच्या झी समूहाने मोठी बोली लावली होती. वाद झाला, मंडळाने ती निविदा प्रक्रियाच रद्द केली. झी सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे खरा प्रश्न निघाला तो असा, की बीसीसीआय ही सरकारसारखी संस्था आहे की खासगी? फेब्रुवारी २००५ मध्ये पाचपैकी तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला की राज्यघटनेच्या १२व्या कलमाच्या अर्थाने बीसीसीआय ‘राज्य’ नाही. देशाच्या नावाने संघ निवडणारी ही संस्था कायद्याच्या भाषेत तमिळनाडूत नोंदलेली एक सोसायटी आहे. मूलभूत हक्कांचा दावा घेऊन थेट सर्वोच्च न्यायालयात तिच्याविरुद्ध जाता येत नाही, एवढे त्या दिवशी ठरले.

मार्च २००७ मध्ये भारतीय संघ वेस्ट इंडीजमधल्या विश्वचषकातून पहिल्याच फेरीत घरी आला. देशभर संताप होता. एप्रिलच्या सुरुवातीलाच सुभाषचंद्रांनी स्वतःची लीग जाहीर केली. हक्क विकत मिळत नाहीत, तर खेळच स्वतः उभा करायचा, असा सरळ हिशेब होता. विजेत्या संघाला १० लाख डॉलर मिळणार होते. कपिल देव, किरण मोरे, टोनी ग्रेग, डीन जोन्स ही मंडळी सोबत आली. मुंबई चॅम्प्स या संघाचा कर्णधार लारा आणि प्रशिक्षक आपले संदीप पाटील.

मंडळाचे उत्तर तितकेच सरळ होते. जो आयसीएलमध्ये जाईल त्याला भारताचे, राज्याचे, सगळे दरवाजे बंद. कपिल देव यांचे राष्ट्रीय क्रिकेट अकादमीचे अध्यक्षपद गेले. ज्या कर्णधाराने १९८३ चा विश्वचषक आणला, तो एका वर्षात परका झाला. मग मंडळाने मैदाने बंद केली. आपल्या देशातली बहुतेक मोठी मैदाने राज्य असोसिएशनांच्या ताब्यात आहेत. वानखेडे नाही, ईडन नाही, चेपॉक नाही. लालूप्रसाद यादव तेव्हा रेल्वेमंत्री होते, त्यांनी रेल्वेची मैदाने देऊ केली. तरी पहिला मोसम खेळला गेला तो हरियाणा सरकारच्या पंचकुला येथील ताऊ देवीलाल स्टेडियमवर, ३० नोव्हेंबर २००७ पासून. मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, दिल्ली आणि चंदीगड अशी सहा शहरांची नावे, आणि सगळे सामने एकाच गावात! मुंबई चॅम्प्स मुंबईत खेळत नाही, तर मुंबईकराने त्या संघावर जीव का टाकावा? पहिला चषक चेन्नई सुपरस्टार्सने जिंकला तोही चेन्नईपासून खूप दूर.

मंडळाने दुसरे काम केले ते अधिक हुशारीचे. त्यांनी कल्पनाच उचलली. सप्टेंबर २००७ मध्ये ललित मोदींनी आयपीएल जाहीर केली, त्याच महिन्यात धोनीच्या संघाने पहिला ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला, आणि १८ एप्रिल २००८ रोजी बंगळुरूला आयपीएलचा पहिला सामना झाला. शहरांचे संघ, परदेशी तारे, संध्याकाळचे सामने, हे सगळे आयसीएलने आधी करून दाखवले होते. फरक एवढाच, की आयपीएलकडे मैदाने होती, सध्याचे खेळाडू होते आणि शिक्का होता.

इथे अमेरिकेतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिकडचा फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याचा, धडका देण्याचा खेळ. त्यात एनएफएल या जुन्या लीगची मक्तेदारी. १९८३ साली यूएसएफएल नावाची नवी लीग निघाली. शहाणपणाने तिने वसंत ऋतू निवडला, म्हणजे जुन्या लीगशी टक्कर नको. पण मालकांना घाई झाली. न्यू जर्सी जनरल्स या संघाचे मालक डोनाल्ड ट्रम्प यांनी आग्रह धरला की सामने शरद ऋतूत, एनएफएलच्याच हंगामात न्यायचे. लीगने तसे ठरवले आणि सोबत मक्तेदारीविरुद्ध खटला भरला. १९८६ साली ज्युरीने मान्य केले की एनएफएलची मक्तेदारी बेकायदा आहे. नुकसानभरपाई किती दिली? एक डॉलर! कायद्याप्रमाणे तिप्पट, म्हणजे तीन डॉलर. खटला जिंकून लीग मेली.

याउलट ऑस्ट्रेलियात केरी पॅकर यांची १९७७ ची बंडखोर मालिका टिकली नाही, तरी जिंकली. त्यांना टीव्हीचे हक्क हवे होते, ते १९७९ च्या तडजोडीत मिळाले. कारण पॅकरकडे त्या काळचे जगातले सर्वोत्तम खेळाडू होते आणि समोरचे मंडळ पैशाने त्यांच्यापुढे कमी पडत होते. इंग्लंडच्या न्यायालयानेही १९७७ साली म्हटले, की खेळाडूंवर बंदी घालणे म्हणजे त्यांच्या रोजगारावर बेकायदा बंधन घालणे. आयसीएलकडे यातले काहीच नव्हते. तिचे बहुतेक परदेशी तारे उतरणीला लागलेले होते आणि समोर जगातले सर्वात श्रीमंत मंडळ होते.

पण आयसीएल म्हटले की मला आधी आठवतो तो लाहोर बादशाह हा संघ. इंझमाम कर्णधार, मोईन खान प्रशिक्षक. पाकिस्तानचा अख्खा संघ भारतातल्या लीगमध्ये, भारतीय मालकाच्या पैशावर खेळत होता. नोव्हेंबर २००८ मध्ये अहमदाबादेत हैदराबाद हीरोजला हरवून त्यांनी चषक उचलला. अहमदाबादेत! २००२ नंतर अवघ्या सहा वर्षांनी. त्या शहराचे नाव घेतले की आपल्या घरांत ज्या गोष्टी बोलल्या जात, त्यांत ही एक वेगळी गोष्ट होती. याच लीगमध्ये बांगलादेशचा ढाका वॉरियर्सही होता. तिन्ही देशांचे खेळाडू एका स्पर्धेत, तेही सरकारांच्या परवानगीच्या दौऱ्याशिवाय. मंडळांना जे जमले नाही ते या अनधिकृत लीगने काही आठवडे करून दाखवले.

मग २६ नोव्हेंबर आला. मुंबईवर हल्ला झाला त्या वेळी आयसीएलची पुढची मालिका अहमदाबादेत सुरूच होती. ती तिथेच थांबली आणि लीग पुन्हा कधी उभी राहिली नाही. आयपीएलमध्येही पाकिस्तानी खेळाडू २००८ च्या पहिल्या मोसमापुरतेच दिसले.

हल्ल्याने लीग मारली असे मात्र मी म्हणणार नाही. ती आधीच खंगली होती. जगभर मंदी आली होती, खेळाडूंचे पैसे थकल्याच्या तक्रारी देशातून आणि परदेशातून येत होत्या. पुढे सामने विकल्याचे प्रकारही उघड झाले. न्यूझीलंडच्या लू व्हिन्सेंटने २०१४ साली स्वतःच्या तोंडाने कबुली दिली. तेव्हा आयसीएल ही फुलांसारखी निष्पाप लीग होती आणि दुष्ट मंडळाने ती चिरडली, अशी सोपी गोष्ट सांगता येत नाही. ही दोन मोठ्या धनवानांची झुंज होती.

झुंजीत चिरडला गेला तो खेळाडू. न्यूझीलंडच्या शेन बाँडचा करार मंडळाने रद्द केला. बांगलादेशच्या खेळाडूंवर १० वर्षांची बंदी आली. पाकिस्तानच्या खेळाडूंना सिंध उच्च न्यायालयाने दिलासा दिला तेव्हा कुठे अब्दुल रझाक परतला, आणि जून २००९ मध्ये लॉर्ड्सवर ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तीन बळी घेऊन गेला. आपल्याकडे अंबाती रायुडू १९ वर्षांखालील संघाचा कर्णधार होता, लोक त्याला उद्याचा मोठा फलंदाज म्हणत. आयसीएलला गेला तेव्हा वय २१. भारताकडून खेळला २०१३ साली, सत्ताविशीत. महाराष्ट्राचा सलामीवीर धीरज जाधवही गेला होता, त्याच्या वाट्याला भारताची टोपी कधीच आली नाही.

एप्रिल २००९ मध्ये मंडळाने माफी जाहीर केली. ३१ मेपर्यंत आयसीएलशी संबंध तोडा आणि परत या. माफी! गुन्हा काय होता? दुसऱ्या मालकाकडे नोकरी धरली हाच. मोठ्यांना पुढे जागा मिळाल्या. संदीप पाटील २०१२ साली राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले, त्याच वर्षी कपिल देव यांचीही मंडळाशी दिलजमाई झाली. झी समूहाचा धंदा चालू राहिला. ज्या रणजीपटूची उमेदीची दोन वर्षे गेली, त्याला ती कोण परत देणार?

कायद्याने पुढे काहीतरी म्हटले. २०१३ साली भारतीय स्पर्धा आयोगाने बीसीसीआयला ५२.२४ कोटी रुपये दंड ठोठावला. आयपीएलच्या प्रक्षेपण करारात मंडळाने लिहून दिले होते, की दहा वर्षे तशा दुसऱ्या कोणत्याही लीगला मान्यता देणार नाही. आयोगाने नेमके त्यावर बोट ठेवले. अपिलात तो आदेश रद्द झाला, २०१७ साली आयोगाने पुन्हा तेवढाच दंड लावला. पण तोवर आयसीएल जाऊन आठ वर्षे झाली होती. यूएसएफएलच्या तीन डॉलरची आठवण मला इथेच येते. मक्तेदारी चुकीची होती हे सिद्ध झाले तरी मेलेली लीग उठत नाही.

चिपळूणजवळच्या कालुस्त्याचे गुलाम परकार १९८२ साली लॉर्ड्सवर कसोटी खेळले. कोकणातल्या खाडीकाठच्या मुलाला तिथवर जायला तेव्हा एकच वाट होती, मुंबईचा संघ. आज वाटा वाढल्या आहेत, जेट्ससारखा संघ आहे, याचा आनंद आहे. पण या सगळ्या वाटांवर नाका एकच आहे आणि नाकेदारही एकच. आपल्या गावातल्या ज्या आईबापांनी मुलाच्या बॅटवर पैसे लावले आहेत, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. मुलाने कुठल्याही लीगच्या करारावर सही करण्याआधी रक्कम पाहावीच, पण करार मोडला, लीग बुडाली, तर तो परत कुठे खेळू शकेल, हेही कागदावर विचारून घ्यावे. २००७ साली हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला होता.