कागद क्लाउडवर चढला, पण खाते कोणाच्या नावावर?

वक्फ मालमत्तांच्या नोंदीसाठी केंद्र सरकारचे 'उमीद' पोर्टल ६ जून २०२५ ला सुरू झाले आणि नोंदीसाठी सहा महिने मिळाले. मुदत संपत आली तशी सगळीकडे मुतवल्ली साहेबांची धावपळ सुरू झाली. आपला वर्धा जिल्हाही त्याला अपवाद नव्हता. एका लहान गावातल्या मशिदीचे मुतवल्ली, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, एका रात्री इशाच्या नमाजनंतर माझ्या घरी आले. हातात कापडी पिशवी. तिच्यात सातबारा, नोंदणीची जुनी प्रत, वीजबिल आणि घडीवर फाटलेला, उर्दूत हाताने लिहिलेला एक वक्फनामा. म्हणाले, "सर, हे सगळं नेटवर चढवायचं म्हणतात."

कागद स्कॅन करायला तासभर लागला. गाडी अडली ती दुसरीकडेच. या पोर्टलवर मुतवल्लीने माहिती भरायची, वक्फ बोर्डाच्या अधिकाऱ्याने तपासायची आणि मग मंजुरी, अशी तीन टप्प्यांची पद्धत आहे. पहिला टप्पा मुतवल्लीच्या स्वतःच्या मोबाइल आणि ईमेलवर चालतो. चाचांचा ईमेल होता. पण तो तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा अर्जासाठी एका ऑनलाइन सेंटरवाल्याने काढून दिला होता. पासवर्ड त्याच्याकडे, रिकव्हरी नंबरही त्याचाच, आणि तो गृहस्थ दुकान बंद करून दुसऱ्या गावी गेलेला.

क्लाउड म्हटले की लोक मला दोनच गोष्टी विचारतात: जागा किती मिळते आणि अ‍ॅप कोणते चांगले. शाळेत सहकारी विचारतात, पालक विचारतात, मदरशाचे मौलाना साहेबही विचारतात. खाते कोणाच्या नावावर आहे आणि उद्या फोन हरवला तर आत कसे जाणार, हे मात्र कोणीच विचारत नाही. म्हणून या लेखात आधी तेच.

क्लाउड म्हणजे आकाशात काही नसते. आपली फाइल कंपनीच्या मोठ्या संगणकांवर राहते आणि आपण ती इंटरनेटवरून उघडतो. बँकेच्या लॉकरसारखे समजा. लॉकर बँकेत, किल्ली आपल्याकडे. इथे किल्ली म्हणजे पासवर्ड आणि त्याच्यासोबत येणारा ओटीपी. फोन विहिरीत पडला तरी लॉकर शाबूत राहतो. पण किल्ली दुसऱ्याकडे असेल तर लॉकर असून नसल्यासारखा.

जीमेल खाते उघडले की गुगल १५ जीबी जागा फुकट देते. ती फक्त ड्राइव्हची नसते, त्यात मेल आणि फोटोही येतात. जून २०२१ पूर्वी फोटो थोडे हलके करून ठेवले तर ते मोजले जात नसत. आता मोजले जातात. अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता याच १५ जीबीतून जातो. रोज सकाळचे 'जुम्मा मुबारक' आणि सुप्रभातचे व्हिडिओ जागा खातात ते असे. जागा भरली की नवा मेल येणे बंद होते आणि नेमक्या त्याच आठवड्यात शिष्यवृत्तीचा किंवा प्रवेशाचा मेल अडकतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअप सेटिंगमध्ये 'व्हिडिओ' बंद करा, निम्मा प्रश्न सुटेल.

आता किल्लीचे. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे आणि कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीचे खाते त्याच्या स्वतःच्या नंबरवर असावे. सेंटरवाल्याच्या नाही, चुलत भावाच्याही नाही. अम्मीचे खाते आहे आणि नंबर अब्बांचा, असेही खूप घरांत दिसते. अब्बा कामासाठी बाहेरगावी असले की ओटीपी तिकडे आणि फॉर्म इकडे. नंबर बदलताना तर फार जपा. बंद पडलेले सिम कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. म्हणजे तुमच्या खात्याचा ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर. नवे सिम सुरू झाले की आधी गुगल, आधार आणि बँक या तीन ठिकाणी नंबर बदला आणि मगच जुने सोडा.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केले की गुगल आठ-आठ अंकी दहा बॅकअप कोड देते. ते फोनमध्ये ठेवून उपयोग नाही, कारण फोन गेला की तेही जातात. कागदावर छापा आणि घराच्या कागदपत्रांत ठेवा. आणखी एक सोय फार थोड्यांना माहीत आहे. गुगल खात्यात 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सेटिंग असते. खाते ठरावीक काळ वापरले गेले नाही (३ महिने ते १८ महिने, आपण ठरवायचे) तर तुम्ही नेमलेल्या माणसाला कळवले जाते आणि तुम्ही परवानगी दिली असेल तेवढा डेटा त्याला मिळतो. मशिदीचे, अंजुमनचे, शाळा समितीचे काम एकाच माणसाच्या फोनवर चालते तिथे ही सेटिंग फार कामाची. त्या माणसाचे इंतकाल झाले तर हिशेब, भाडेपावत्या, ठराव सगळे त्याच्या फोनच्या पॅटर्न लॉकमागे अडकते. शिवाय दोन वर्षे कोणी उघडलेच नाही असे वैयक्तिक खाते गुगल पुसू शकते. डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू झाला आहे. एखाद्या परीक्षेपुरते काढलेले आणि विसरलेले खाते वर्षातून एकदा तरी उघडून बघा.

शेअर केलेल्या फोल्डरमध्येही मालकीचा घोळ असतो. फोल्डर मुख्याध्यापकांचा असला तरी त्यात मी टाकलेली फाइल माझ्याच मालकीची राहते आणि माझ्याच १५ जीबीत मोजली जाते. माझी बदली झाली आणि मी घर आवरल्यासारखे ड्राइव्ह आवरले, तर शाळेच्या फोल्डरमधून ती फाइल गायब. मग कचऱ्यात ३० दिवस, त्यानंतर कायमची. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली ठरलेली असते. म्हणून जाण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलची मालकी पुढच्या शिक्षकाच्या नावे करून द्यायची, आणि त्याने ती स्वीकारली का ते बघायचे. त्याने स्वीकारल्याशिवाय मालकी जात नाही. उलट बाजूनेही सावध राहा. संस्थेने दिलेले ईमेल खाते संस्थेचे असते. नोकरी सुटली की ते बंद होते. माझ्या एका सहकाऱ्याचे चार वर्षांचे पाठ टाचण असेच गेले. संस्था चूक नव्हती, खाते तिचेच होते.

डिजीलॉकर ही वेगळी चीज आहे. १ जुलै २०१५ ला सुरू झालेली ही सरकारी सोय. तिच्यात दोन कप्पे असतात आणि लोक त्यांच्यात गल्लत करतात. 'इश्यूड' कप्प्यात आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, दहावी-बारावीची गुणपत्रिका थेट त्या त्या खात्याकडून येते. २०१७ च्या नियमांनुसार हा कागद मूळ प्रतीच्या बरोबरीचा मानला जातो. दुसऱ्या कप्प्यात आपण स्वतः चढवलेले फोटो असतात, ते फक्त फोटोच. मुले मार्कशीटचा फोटो काढून दुसऱ्या कप्प्यात ठेवतात आणि प्रवेशाच्या वेळी म्हणतात, "सर, डिजीलॉकरमध्ये आहे ना!" बोर्डाकडून मागवलेली असेल तरच आहे.

मागवताना आपल्या मुलांची अडचण नावाची असते. विदर्भात शाळेच्या रजिस्टरमध्ये आपली नावे जुन्या पद्धतीने लिहिली जातात: आधी शेख, मग मुलाचे नाव, पुन्हा शेख आणि वडिलांचे नाव. आधारवर तेच नाव उलट्या क्रमाने. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेख कुठे 'ए-आय' लावून, कुठे दोन 'ई' लावून. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे नुसते 'मो.'. माणसाला कळते की हा एकच मुलगा. संगणकाला कळत नाही, तो अक्षराला अक्षर लावून बघतो. पॅन डिजीलॉकरमध्ये आणायचे तर नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळावी लागते. 'अपार' आयडी काढताना शाळाशाळांत हाच अनुभव आला. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्ती त्या मानाने सोपी. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर नाव छापून आले की चकरा वाढतात. म्हणून आठवी-नववीच्या पालकांना माझे सांगणे असते: एका संध्याकाळी जन्मदाखला, आधार आणि शाळेचे रजिस्टर (त्याची प्रत मागा) शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचा.

शिकवण्याच्या साधनांबद्दल थोडे. बालभारतीची पुस्तके मराठीप्रमाणे उर्दूतही पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालेल्या दीक्षा अ‍ॅपवर पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या पाठाचे साहित्य उघडते, आणि ते डाउनलोड करून नेट नसतानाही दाखवता येते. आष्टी-कारंजाकडच्या शाळांत याचे मोल कळते. गुगल फॉर्मवर चाचणी घेतली तर पर्यायी प्रश्न आपोआप तपासले जातात. पण निबंध तपासायला शेवटी शिक्षकच लागतो, आणि ते बरेच आहे. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू'च्या काळात, २०२० मध्ये, आपण सगळ्यांनी ढिगाने व्हिडिओ बनवले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. आज त्यातले किती सापडतात? व्हॉट्सअ‍ॅप हे पोहोचवायचे साधन आहे, साठवायचे नाही.

उर्दू माध्यमाच्या शिक्षकांची खास अडचण म्हणजे इनपेज. पंधरा-वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका इनपेजमध्ये आहेत. ती फाइल ड्राइव्हवर सुरक्षित राहते, पण मोबाइलवर उघडत नाही, आणि आतला शब्द शोधून सापडत नाही. मराठीत श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटची हीच गत. दुसऱ्या संगणकावर उघडले की अगम्य चिन्हे. क्लाउडने फाइल वाचवली, मजकूर नाही वाचवला. उपाय युनिकोडचा. इनपेजच्या नव्या आवृत्तीतून मजकूर युनिकोडमध्ये काढता येतो. गुगल डॉक्समध्ये 'नोटो नस्तालीक उर्दू' फाँट घेऊन, उजवीकडून डावीकडे दिशा लावली की उर्दू पान नीट दिसते. टायपिंग येत नसेल तर जीबोर्डवर मराठी आणि उर्दू दोन्हीत बोलून लिहिता येते. छापील पानाचा फोटो डॉक्समध्ये उघडला की मजकूर वेगळा होतो. मराठीत तो बऱ्यापैकी येतो, नस्तालीकमध्ये चुका फार, त्यामुळे नजर घालावीच लागते. संगणक बदलण्याआधी जुन्या फाइली बदलून घ्या. नंतर जुने सॉफ्टवेअर चालवणारे यंत्रच राहत नाही.

बीएडला आपण सगळ्यांनी वर्धा शिक्षण योजना पाठ केली आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसैन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने नई तालीमचा आराखडा केला. हाताने काम करत शिकायचे, हे तिचे सार. मी नववीच्या वर्गात त्याच धर्तीवर एक तास घेतो. प्रत्येकाने घरच्या फोनवर, घरच्यांना विचारून, ड्राइव्ह अ‍ॅपच्या कॅमेऱ्याने स्वतःचा एक कागद स्कॅन करायचा, पीडीएफ बनवायची आणि नाव द्यायचे: आधी वर्ष, मग कागद, मग नाव. कागद खिडकीजवळ, सावली न पडता. मुली हे मुलांपेक्षा नेटके करतात, असे दरवर्षी दिसते.

दुसऱ्याचे कागद आपल्याकडे असतील तर ती अमानत आहे. वर्गाच्या यादीची, मुलांच्या आधार क्रमांकांची शीट 'लिंक असलेला कोणीही' अशी उघडी टाकून ग्रुपवर सोडलेली मी पाहिली आहे. तिथे 'रिस्ट्रिक्टेड' ठेवा आणि ज्यांना हवी त्यांचेच ईमेल घाला. वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. आधारची प्रत द्यायचीच असेल आणि चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. आणि सेंटरच्या संगणकावर ई-आधार उघडले असेल तर डाउनलोड फोल्डरमधून पुसून, लॉग-आउट करूनच उठा. त्याचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. तेवढे तर गल्लीत सगळ्यांना माहीत असते.

चाचांसाठी आम्ही मशिदीच्या नावाने नवे सिम घेतले आणि त्यावर नवे खाते काढले. रिकव्हरीला सेक्रेटरी साहेबांचा नंबर दिला आणि दहा कोड दोन प्रतींत छापले. वक्फनाम्याचा पहिला स्कॅन काळ्या-पांढऱ्यात निघाला आणि फिकट शाई त्यात उडूनच गेली, म्हणून परत रंगीत काढला. जाताना चाचांनी विचारले, "सर, आता हा लॅमिनेट करून टाकू का?" मी नको म्हणालो. लॅमिनेशन एकदा केले की जुना कागद परत सुटा निघत नाही. त्यांनी तो स्वच्छ कागदात गुंडाळून, कोडच्या प्रतीसोबत, मशिदीच्या लोखंडी पेटीत ठेवला. दुसरी प्रत सेक्रेटरींच्या घरी आहे.