बिदरची मुद्रा आणि आजची मोटार

बिदर शहरात महमूद गावानने १४७२ साली बांधलेला मदरसा आजही उरलेल्या एका मिनारानिशी उभा आहे. बहमनी राज्याचा हा विद्वान वजीर १४८१ साली प्राणास मुकला, तो रणांगणावर नव्हे, तर एका कागदापायी. विरोधी अमीरांनी त्याच्या मुद्राधारकास फितविले, कोऱ्या कागदावर वजिराची मुद्रा उमटवून घेतली आणि ओरिसाच्या राजास स्वारीचे निमंत्रण देणारा मजकूर तीवर लिहिला. तिसऱ्या महंमदशहाने मुद्रा ओळखली. मजकूर कोणाचा, याची मात्र शहानिशा केली नाही. वजिराचे निरपराधित्व उमगले तेव्हा पश्चात्तापाखेरीज हाती काही उरले नव्हते.

आज बिदर-कलबुर्गीच्या रस्त्यांवर धावणाऱ्या कित्येक नव्या मोटारी मोबाइलच्या जाळ्यातून संदेश देतात आणि घेतात. २०१५ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी, चालकाच्या संमतीने, दूर बसून अशाच जाळ्यातून धावत्या जीपमध्ये शिरकाव केला व तिचा वेग खुंटविला. त्यानंतर कंपनीला सुमारे १४ लक्ष वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली. आज्ञा खऱ्या धन्याची आहे काय, हे गाडीच्या अंतर्यंत्रणेने विचारलेच नव्हते!

यावरचा उपाय म्हणजे अंकीय स्वाक्षरी. ती मजकुराशीच जखडलेली असते. एक अक्षर बदलले तरी खोटी ठरते. कोऱ्या कागदाचा डाव तेथे चालत नाही. मात्र तिची गुप्त किल्ली सांभाळणारा फितला, तर गावानचीच गत व्हायची.

परंतु प्रत्येक संदेशावर गाडीची कायमची मुद्रा उमटली, तर तिचा मार्गही उघडा पडतो. प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांत स्थानदर्शक यंत्र असणे प्रवाशांच्या हिताचेच आहे. खाजगी मोटारीची नोंद मात्र धनी कोणत्या वैद्याकडे, कोणत्या वकिलाकडे, कोणत्या प्रार्थनामंदिरात गेला, हे सांगून टाकते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तो अशा नोंदींनाही लागू पडतो. म्हणूनच वाहनांनी परस्परांशी बोलताना वेळोवेळी बदलणारी टोपणनावे वापरावीत, अशी योजना तज्ज्ञांनी केली आहे: स्वाक्षरी खरी, पण सही करणाऱ्याचे नाव झाकलेले.

मोटार घेताना आपण ती तेल किती पिते, हे विचारतो. किल्ली कोणाच्या हाती आहे आणि मार्गाची नोंद किती दिवस ठेवली जाते, हेही विचारावे. मुद्रा पाहून थांबू नये, हाच बिदरचा धडा आहे.