गोदावरीच्या तरीवरील सुकाणू

बीड जिल्ह्याची उत्तर सीमा बहुतांशी गोदावरीनेच आखली आहे. राक्षसभुवन, पांचाळेश्वर, मंजरथ ही तीर्थक्षेत्रे या नदीकाठी असून, पूल होण्यापूर्वी पलीकडच्या मुलखाशी त्यांचा व्यवहार दोन वाटांनी चाले : पाणी ओसरल्यावर पायी ओलांडता येणारा उथळ भाग, म्हणजे उतार, आणि पावसाळ्यातली तर, म्हणजे माणसे, जनावरे व धान्य नावेने पलीकडे नेण्याची ठरलेली जागा. तरीवरची नाव मुख्यतः भोई आणि कोळी समाजांतील नावाडी चालवीत. जिल्ह्याच्या इतिहासलेखनात किल्ले, मंदिरे आणि लढाया यांना भरपूर जागा मिळाली. नावेला दिशा देणाऱ्या या कसबाला मात्र ती मिळाली नाही, आणि ही उणीव लहान नव्हे.

नावेला वळवणाऱ्या साधनाला सुकाणू म्हणतात. त्याचे जुने रूप म्हणजे नावेच्या पिछाडीला बांधलेले लांब, रुंद पात्याचे वल्हे. गोदावरीवरच्या पैठणहून, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठानहून, राज्य करणाऱ्या सातवाहनांच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आढळते, आणि अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील तीन डोलकाठ्यांच्या जहाजाच्या पिछाडीस अशी सुकाणू-वल्ही रंगवलेली आहेत. पिछाडीच्या मध्यभागी बसवलेले सुकाणू चीनमध्ये इसवी सनाच्या पहिल्या शतकात दिसते, तर लोखंडी खुंट्या व कड्यांनी पिछाडीच्या खांबावर दारासारखे टांगलेले सुकाणू युरोपात बाराव्या शतकात दिसते. पुढे कोकणातील गलबतांनीही तेच स्वीकारले.

नदीवरच्या नावेला मात्र टांगते सुकाणू सोयीचे नव्हते, आणि हे मागासलेपणाचे लक्षण मानणे चुकीचे ठरेल. टांगते सुकाणू पाण्याला तिरके धरले की एका बाजूचा दाब वाढून पिछाडी विरुद्ध बाजूला ढकलली जाते. परंतु त्यासाठी पाणी पात्यावरून वाहत असावे लागते. प्रवाहाबरोबर त्याच्याच वेगाने वाहत जाणाऱ्या नावेच्या पात्यावरून पाणी वाहतच नाही, म्हणून तेथे ते निरुपयोगी ठरते. लांब वल्हे याउलट हाताच्या जोराने पाणी रेटते, त्यामुळे थांबलेली नावही फिरते. शिवाय वाळूचे बेट आले की ते क्षणात वर उचलता येते. नदी ओलांडताना नावाडी प्रथम नाव काठाकाठाने वर नेतो, मग तिचे तोंड प्रवाहाकडे तिरके धरून सोडतो. वल्ह्यांच्या वा बांबूच्या जोराने नाव पुढे सरकत असते आणि प्रवाह तिला पलीकडे ढकलीत जातो. हा तिरकेपणा टिकवणे हेच पिछाडीच्या माणसाचे खरे काम, कारण नाव पूर्ण आडवी झाली तर प्रवाहाचा दाब सगळ्या बाजूवर येऊन ती उलटण्याचा धोका असतो.

अशा नदीची किंमत राज्यांनाही मोजावी लागली. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवन येथे माधवराव पेशव्यांच्या फौजेने निजामाच्या सैन्याचा निर्णायक पराभव केला, त्या वेळी निजाम अली काही फौजेसह नदी उतरून उत्तर तीरावर गेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह दक्षिण तीरावर होता. विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि मध्ये पुराची नदी असल्याने पलीकडून मदत पोहोचू शकली नाही. या लढाईची चर्चा करताना घोडदळ मोजले जाते. नाव एका खेपेत किती माणसे उतरवू शकते, हा प्रश्नही तितक्याच अगत्याने विचारला गेला पाहिजे.

देखभालीचे वेळापत्रकही नदीने ठरवले. कोकणात पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढून दुरुस्त करीत आणि नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरवीत. गोदावरीवर पावसाळा हाच तरीचा हंगाम, म्हणून दुरुस्ती उन्हाळ्यात येई. उन्हात आकसलेल्या फळ्यांच्या फटी भराव्या लागत आणि लाकूड फुगून सांधे बसेपर्यंत नाव पाण्यात भिजत ठेवावी लागे. सुकाणू-वल्ह्याचा नाजूक भाग म्हणजे ते नावेच्या काठावर टेकते ती जागा : तेथे दोरी झिजते आणि दांडा घासून बारीक होतो. म्हणून ती दोरी वेळोवेळी बदलणे, दांड्याला तेल पाजणे आणि तडा गेलेले पाते पुरापूर्वीच काढून टाकणे आवश्यक असे, कारण भर प्रवाहात दांडा मोडला तर नाव आडवी होण्यास वेळ लागत नाही.

निजामाच्या हैदराबाद राज्यातील हा प्रदेश १९४८ मध्ये भारतात आला. ज्या धरणाला बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाचे नाव मिळाले, ते पुढे पैठणजवळ बांधले गेले आणि १९७६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. सिंदफणा नदीवर माजलगावचे धरण झाले. पुलांनी तरी बंद पाडल्या आणि धरणांनी पुराचे वेळापत्रक बदलले. आज पुराच्या बचावकार्यात रबरी नाव येते. तिच्या पिछाडीचे इंजिनच दांड्याने फिरवून दिशा बदलली जाते, म्हणून इंजिन बंद पडताच सुकाणूही हरपते. बसवणीचे स्क्रू आवळणे, फिरत्या सांध्याला ग्रीस देणे आणि पंख्यात गुंतलेले गवत काढणे ही तिची नित्याची निगा असून, वल्ही सोबत असल्याशिवाय ती पाण्यात उतरवू नये.

नदीकाठच्या एखाद्या घरात जुने सुकाणू-वल्हे आढळले, तर जिल्ह्यातील इतिहास अभ्यासकांनी त्याची लांबी, लाकूड आणि झिजेच्या खुणा नोंदवून ठेवाव्यात, कारण तरीच्या इतिहासाचा लाकडी पुरावा आता झपाट्याने सरपणात जात आहे.