मुंबईची गोरी पलटण आणि पुण्याचे कॅथलिक

पुणें शहरांत आम्हां कॅथलिकांचीं दोन जुनीं देवळें आहेत. क्वार्टर गेटजवळील निष्कलंक मातेच्या देवळास सवाई माधवराव पेशव्यांनीं जागा दिली. पेशव्यांच्या चाकरींत असलेले पोर्तुगीज अधिकारी दों मिगेल द नोरोन्हा ह्यांच्या व त्यांच्या ख्रिस्ती शिपायांच्या उपासनेसाठीं ती होती, आणि १७९२ सालच्या ८ डिसेंबरास तेथें पहिली मिस्सा झाली. दुसरें देऊळ सेंट पॅट्रिकचें. तें १८५० सालीं इंग्रजांच्या फौजेंतील आयरिश शिपायांकरितां उभें राहिलें, व १८८६ सालीं पुणें धर्मप्रांत स्थापन झाल्यावर त्यास कॅथेड्रलचा मान मिळाला. पहिल्या देवळाचा दाता पेशवा. दुसऱ्याचे भक्त ज्या फौजेचे होते, त्याच फौजेनें पेशवाई बुडविली.

मागें एकदां मिस्सेनंतर आमच्यांतील एका तरुणानें आम्हांस विचारलें, "फादर, खडकीच्या लढाईंत आपलीं माणसें कोणत्या बाजूला होतीं?" त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. महोत्सवाच्या ह्या पुस्तिकेसाठीं लेख मागितला गेला तेव्हां तो प्रश्न आठवला. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं खडकीस लढलेल्या एका पलटणीची कथा येथें सांगतों. तिचें कूळ इंग्रजी, जन्म आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा, आणि शेवट आयर्लंडच्या नांवानें झाला.

१६६१ सालीं इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स व पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ह्यांच्या विवाहाचा तह झाला. त्या तहानें मुंबई बेट आंदणांत गेलें हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. पण तें ताब्यांत घ्यावयास आलेल्या शिपायांचें काय झालें, हें फारसें कोणी सांगत नाहीं. सर अब्राहम शिपमन ह्यांच्या हाताखालीं चारशेंहून अधिक शिपाई १६६२ सालीं मुंबईच्या बंदरांत पोंचले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं बेट देण्याचें नाकारलें. तेव्हां ते शिपाई कारवारजवळील अंजदीव बेटावर उतरले आणि तेथेंच अडकून पडले. रोगराईनें व हालअपेष्टांनीं ते एकामागून एक मरूं लागले. १६६४ सालीं स्वतः शिपमनही वारले. १६६५ सालीं हम्फ्री कुक ह्यांनीं मुंबईचा ताबा घेतला, तेव्हां त्यांच्याबरोबर जेमतेम शंभर माणसें उरलीं होतीं. लढाई न लढतां, केवळ वाट पाहतां पाहतां, पलटणीच्या तीन हिश्श्यांहून अधिक माणसांनीं देह ठेवला.

पुढें १६६८ सालीं राजानें मुंबई बेट वर्षाला दहा पौंड सोन्याच्या खंडानें ईस्ट इंडिया कंपनीस दिलें. किल्ल्यांतील शिपायांस कंपनीची नोकरी पत्करण्याची मोकळीक मिळाली, व बहुतेकांनीं ती पत्करली. राजाचे शिपाई व्यापाऱ्यांचे शिपाई झाले. त्यांच्यांतूनच पुढें ‘बाँबे युरोपियन रेजिमेंट’ उभी राहिली.

नांव युरोपियन असलें तरी आरंभीं तिची बहुसंख्या युरोपियन नव्हती. १७४१ च्या सुमारास मुंबईच्या लष्करांत गोरे शिपाई तीनशेंच्या वर थोडे होते आणि ‘टोपास’ म्हणून ओळखले जाणारे शिपाई सुमारें नऊशें होते. टोपास म्हणजे पोर्तुगीज नांवें धारण करणारे, टोपी घालणारे, पोर्तुगीज व हिंदी रक्ताचे ख्रिस्ती लोक. श्रद्धेनें ते बहुतेक कॅथलिक. इंग्रज प्रॉटेस्टंट व्यापाऱ्यांच्या किल्ल्याची राखण अशा रीतीनें रोझरीची जपमाळ ओढणाऱ्या हातांनीं केली. त्यांचीं नांवें पलटणीच्या निशाणावर नाहींत. पण गोव्यापासून वसईपर्यंतच्या आपल्या लोकांच्या आडनांवांत तीं आजही ऐकूं येतात.

ह्यानंतर आले आयरिश. आयर्लंडांत कॅथलिक प्रजेवर जाचक कायद्यांचें जूं होतें. जमीन, शिक्षण, सरकारी अधिकार ह्या सर्वांच्या वाटा त्यांना अडविलेल्या होत्या. १८२९ सालच्या कायद्यानें त्यांपैकीं बरेच प्रतिबंध उठले, तरी दारिद्र्य उठलें नाहीं. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळानें तर लक्षावधि माणसें गिळलीं. शेताचा तुकडा नसलेल्या मुलास शिपाईगिरी ही भाकरी होती. १८३० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यांतील दर शंभर शिपायांत चाळीसांहून अधिक आयरिश होते, आणि कंपनीच्या गोऱ्या पलटणींतही त्यांचा भरणा मोठा होता. ज्या राज्यानें त्यांच्या बापजाद्यांस मिस्सा चोरून ऐकावयास लावली, त्याच राज्याचें निशाण हे तरुण सातासमुद्रांपलीकडे खांद्यावर वाहत होते. त्यांस दोष देण्यापूर्वीं त्यांच्या घरच्या रिकाम्या हांडीकडे पाहावें, असें आम्हांस वाटतें.

अशा पलटणीची घडण कशी असे, तेंही थोडक्यांत सांगतों. त्या काळीं ब्रिटिश पायदळाच्या एका पलटणींत सामान्यतः दहा कंपन्या असत. उंच व धिप्पाड शिपायांची ग्रेनेडियर कंपनी उजव्या टोकास आणि चपळ शिपायांची लाइट कंपनी डाव्या टोकास. प्रत्येक कंपनीवर कॅप्टन, त्याच्या हाताखालीं लेफ्टनंट व एन्साइन, मग सार्जंट, कॉर्पोरल, ढोलकरी व शिपाई. सर्वांवर लेफ्टनंट कर्नल. पलटणीचीं निशाणें दोन, एक राजाचें व एक पलटणीचें. पलटणीच्या निशाणावर जिंकलेल्या लढायांचीं नांवें भरून काढीत. धुराच्या लोटांत वाट चुकलेल्या शिपायानें निशाण शोधावें व त्याखालीं जमावें, हा त्याचा मूळ उपयोग. शिपाई मरत, अधिकारी बदलत, परंतु निशाण तेंच राही; म्हणून त्याचा मान एखाद्या पवित्र वस्तूसारखा राखीत.

आतां खडकीकडे वळूं. १८१७ च्या ऑक्टोबरअखेर ही बाँबे युरोपियन रेजिमेंट पुण्यास येऊन पोंचली. ५ नोव्हेंबर रोजीं दुसऱ्या बाजीराव पेशव्यांची फौज बापू गोखल्यांच्या हुकुमाखालीं बाहेर पडली. संगमावरील रेसिडेंट एल्फिन्स्टन ह्यांचा बंगला जाळला गेला. इंग्रजांकडे कर्नल बर ह्यांच्या हाताखालीं अठ्ठावीसशेंच्या सुमारास माणसें होतीं, त्यांत गोरे सुमारें आठशें. पेशव्यांकडील घोडदळ व पायदळ मिळून पंचवीस हजारांच्या वर होतें. इंग्रजी रांगेच्या मध्यभागीं ही गोरी पलटण आणि दोन्ही बाजूंस हिंदी शिपायांच्या पलटणी, अशी मांडणी होती. बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होते.

ह्या ठिकाणीं त्या तरुणाच्या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. इंग्रजांच्या डाव्या बाजूवर प्रथम चालून आलेलें पेशव्यांचें कवायती पायदळ द पिंटो नांवाच्या एका पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या हाताखालीं होतें. ग्रँट डफ ह्यांनीं आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत त्याची नोंद केली आहे. इकडे आयर्लंडचे शिपाई, तिकडे पोर्तुगीज सरदार. एकाच क्रुसाची खूण करणारे लोक एकाच माळावर समोरासमोर उभे होते.

द पिंटोच्या तुकडीस मागें रेटतांना डावीकडील सातव्या पलटणीचे हिंदी शिपाई रांग सोडून फार पुढें गेले. ती संधि साधून गोखल्यांनीं निवडक स्वारांचा मोठा हल्ला केला. परंतु मध्यें दलदल निघाली, घोडे रुतले, आणि हल्ल्याचा जोर तुटला. जे स्वार पुढें पोंचले त्यांस अडविण्यास गोऱ्या कंपन्या धांवल्या. मोर दीक्षित त्या दिवशीं पेशव्यांच्या बाजूनें धारातीर्थीं पडले. इंग्रजांकडील मेलेले व जखमी मिळून शहाऐंशी. त्यांतील पन्नास डाव्या बाजूचे हिंदी शिपाई होते. पेशव्यांकडील सुमारें पांचशें माणसें पडलीं. बारा दिवसांनीं, १७ नोव्हेंबरास, पुणें इंग्रजांच्या हातीं गेलें. गोऱ्या पलटणीच्या निशाणावर ‘कर्की’ हा शब्द चढला. त्या शब्दाचें मोल मात्र जास्त करून मराठी मुलुखांतल्याच माणसांनीं दोन्ही बाजूंनीं भरलें होतें.

पुढील इतिहास त्वरेनें सांगतों. १८४४ सालीं पलटणीस ‘फ्युझिलियर्स’ हा किताब मिळाला. १८४९ च्या जानेवारींत मुलतानच्या तटाला पडलेल्या खिंडारावर निशाण रोंवलें तें ह्याच पलटणीच्या सार्जंट जॉन बेनेट ह्यानें. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचें राज्य गेलें, आणि १८६२ सालीं ही पलटण राणीच्या सैन्यांत १०३ वी ‘रॉयल बाँबे फ्युझिलियर्स’ झाली. १८८१ सालीं लष्कराची नवी रचना झाली. प्रत्येक रेजिमेंटीला एक प्रांत, एक भरतीचें ठाणें व दोन मुख्य पलटणी, एक मायदेशीं व एक परदेशीं, असा तो क्रम. तेव्हां मद्रासच्या फ्युझिलियर्स पलटणीशीं हिची जोड घालून ‘रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स’ निर्माण झाली. मद्रासची पहिली पलटण, मुंबईची दुसरी. ठाणें आयर्लंडांतील नेस गांवीं. मुंबईंत वाढलेली पलटण डब्लिनची झाली. परंतु टोपीवरील बिल्ल्यांत, ज्वाळा निघणाऱ्या बाँबगोळ्यावर, हिंदुस्थानचे वाघ व हत्ती तसेच राहिले. दक्षिण आफ्रिकेंतील युद्धांत आयरिश शिपायांनीं गाजविलेल्या शौर्याबद्दल १९०० सालीं राणी व्हिक्टोरियानें सेंट पॅट्रिकच्या सणास, १७ मार्चला, टोपींत शॅमरॉकचें पान खोवण्याची परवानगी दिली. जें पान पूर्वीं बंडखोराची खूण मानलें जाई, तेंच आतां गणवेशावर शोभूं लागलें.

पहिल्या महायुद्धांत रेजिमेंटीची फार हानि झाली. २५ एप्रिल १९१५ रोजीं गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर होड्यांतून उतरतांनाच पहिल्या पलटणीचे शेंकडों लोक पडले. पुढच्याच महिन्यांत बेल्जममध्यें विषारी वायूनें दुसरी, म्हणजे आपली मुंबईची, पलटण जवळजवळ नष्ट झाली. आठव्या पलटणीचे धर्मगुरु, येशूसंघीय फादर विल्यम डॉयल, जखमी शिपायांस अंत्यसंस्कार देत फिरतांना १६ ऑगस्ट १९१७ रोजीं मारले गेले. ह्याच काळांत, १९१६ च्या पुनरुत्थान सप्ताहांत, डब्लिनमध्यें स्वातंत्र्यासाठीं उठाव झाला, आणि तो मोडण्याच्या कामीं ह्याच रेजिमेंटीच्या तुकड्या आपल्याच शहराच्या रस्त्यांवर उभ्या राहिल्या. घर दुभंगलें तें तेथें.

आयर्लंडचें राज्य निराळें होतांच १२ जून १९२२ रोजीं विंडसरच्या राजवाड्यांत पंचम जॉर्ज बादशहांच्या हातीं निशाणें सोंपविण्यांत आलीं, व त्याच वर्षीं रेजिमेंट मोडली. अंजदीवच्या बेटापासून मोजल्यास दोनशें साठ वर्षें भरलीं. डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीन बागेच्या तोंडाशीं, दक्षिण आफ्रिकेंत पडलेल्या ह्या शिपायांच्या स्मरणार्थ १९०७ सालीं उभारलेली एक कमान आहे. तिला लोकांनीं नांव ठेवलें ‘देशद्रोह्यांची वेस’. कमान अजून उभी आहे. नांवें दोन्ही टिकलीं आहेत.

तेव्हां त्या तरुणास आम्ही आतां असें सांगतों: बाळा, आपलीं माणसें दोन्ही बाजूंस होतीं. पेशव्यानें दिलेल्या जमिनीवर आपण प्रार्थना करतों. आयरिश शिपायांसाठीं बांधलेल्या देवळांतही करतों. पहिल्याचे उपकार विसरणें ही कृतघ्नता, आणि दुसऱ्यांच्या मृतात्म्यांस परकें म्हणणें ही निर्दयता. साम्राज्याचा जयजयकार करण्याचें आपणांस कारण नाहीं. पण पोटासाठीं दूर देशीं येऊन आपल्या मातींत मिळालेल्या गरिबांचा तिरस्कार करण्याचेंही नाहीं. न्याय करणारा प्रभु निराळा आहे. आपणांकडे स्मरण ठेवण्याचें काम आलें आहे.

सर्व मृतांचा दिवस २ नोव्हेंबर, आणि खडकीच्या लढाईचा दिवस त्यानंतर तिसरा. आमची मंडळीस विनंति आहे कीं, येत्या नोव्हेंबरांत आपल्या घरच्या मृतांबरोबर त्या माळावर पडलेल्यांचीही आठवण करावी: पेशव्यांच्या स्वारांची, सातव्या पलटणीच्या शिपायांची, गोऱ्या पलटणींतील आयरिश मुलांची, आणि ज्यांचीं नांवें कोणत्याच निशाणावर चढलीं नाहींत त्या टोपासांची. तसेंच कोणाच्या घरीं पूर्वजांचे लष्करी चाकरीचे जुने कागद किंवा बाप्तिस्म्याचे दाखले असतील, तर तें घरचें धन समजून जपावें, व त्याची नक्कल देवळाच्या दप्तरांत आणून द्यावी. मृतांस प्रभु चिरशांति देवो.