देवलांची तालीम

गोविंद बल्लाळ देवल यांच्या नांवावर सात नाटकें आहेत आणि त्यांपैकीं ‘शारदा’ हें एकच सर्वस्वीं स्वतंत्र आहे. एवढ्या हिशेबावरून देवलांस कुशल रूपांतरकार ठरवून मोकळें होण्याकडे पुष्कळांचा कल असतो. परंतु हा हिशेब छापील पुस्तकांचा झाला. देवल घडले ते नाटकमंडळींच्या तालमींत.

१८८० सालीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलें. त्या मंडळींत देवल आधीं नट व पुढें तालीम देणारे शिक्षक म्हणून वावरले. वाक्य नटाच्या जिभेवर कोठें अडखळतें आणि प्रेक्षक कोठें चुळबूळ करूं लागतो, हें तालीममास्तरास जितकें उमगतें तितकें एकांतांत लिहिणारास उमगत नाहीं. १८८५ सालीं अण्णासाहेब निवर्तले. पुढील वर्षींच देवलांची ‘दुर्गा’ आली.

१८९० सालीं त्यांनीं ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. शाहूनगरवासी मंडळी गद्य नाटकें करणारी. तेथें पदांचा आधार नव्हता. गणपतराव जोशांसारख्या नटाच्या मुखीं घालावयाचें तें भाषण स्वतःच्याच बळावर उभें राहणें प्राप्त होतें. उलट किर्लोस्कर मंडळींत ‘मृच्छकटिका’च्या निमित्तानें देवलांस पदरचनेचा सराव झाला होता. १८९९ सालच्या ‘शारदे’त हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. जरठाशीं बालिकेचा विवाह हा विषय घरोघरच्या दुःखाचा. कांचनभट आणि भद्रेश्वर दीक्षित बोलतात तें ओसरीवरचें मराठी. आणि पद येतें तें संभाषण पुढें नेण्यासाठीं, तें थांबविण्यासाठीं नव्हे. भाऊराव कोल्हटकरांसारखा गायक नट कोदंडाच्या भूमिकेंत असतांही नाटक मैफलीच्या अधीन झालें नाहीं, यांतच देवलांचा संयम दिसतो.

या सहवासास मर्यादाही होती. ‘शारदे’नंतर दुसरें स्वतंत्र नाटक त्यांच्या हातून झालें नाहीं. मर्फीच्या इंग्रजी प्रहसनावरून १८९३ सालीं रचलेला गद्य ‘फाल्गुनराव’ गंधर्व मंडळीसाठीं ‘संशयकल्लोळ’ होऊन १९१६ सालीं पदांसह पुढें आला; त्याच वर्षीं देवल निवर्तले. साठीच्या घरांत आलेला नाटककार तेवीस वर्षांपूर्वींचें आपलें लेखन नव्या गायक मंडळीसाठीं पुन्हां घडवावयास बसतो, यास निव्वळ उसनवारी म्हणतां येणार नाहीं. कथानक त्यांनीं परक्यांचें घेतलें असेल. परंतु मराठी नाटकाचें बोलणें त्यांनीं तालमींत कमावलें, आणि ‘शारदा’ ही त्याच कमाईची ठेव होय.